सुलोचनाबाईंचे फलक : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

यंदा अलिबागजवळच्या चौलच्या दत्तयात्रेच्या दिवसांत वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन लावायचं, असं कार्यकारिणीत ठरलं. वेळ गेला तो विषयावर. सरांचं म्हणणं, मूकपटांचा काळ सगळाच घ्यावा. मी एकाच बाईवर अडून बसले. रुबी मायर्स, मूकपटांतली नटी, पडद्यावरचं नाव सुलोचना. वीस-पंचवीस नावं घेऊन प्रत्येकीला दोन ओळी दिल्या, तर यात्रेतून आत शिरलेला माणूस एकही नाव घरी नेणार नाही. एकीची पन्नास वर्षं नीट मांडली तर मूकपट, बोलपट, कंपन्यांची चढती-पडती, बायकांचं वय आणि कामं, सगळं तिच्यामागून येतंच.

नाव निघताच गोंधळ झाला. 'म्हणजे सुलोचनादीदी ना, पिक्चरमधली आई?' दुसऱ्या बाजूनं, 'नाही हो, लावणीवाल्या सुलोचना चव्हाण!' आपल्याकडे हे होणारच. सुलोचना लाटकर जन्मल्या १९२८ साली, आणि त्याच वर्षी आमच्या सुलोचनेची 'अनारकली' पडद्यावर आली. पहिल्या फलकावर हे एक वाक्य ठळक टायपात हवं. तेवढ्यानं तिघींची जागा आपापली राहील.

२ जुलै

पहिल्या दोन फलकांचा मजकूर.

जन्म १९०७, पुणे. घर बगदादी ज्यूंचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात यायला विचारलं तेव्हा तिनं आधी नकार दिला. नाटक-सिनेमातली बाई म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडायची ते दिवस. मग ती तयार झाली. 'वीरबाला' १९२५ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी 'सिनेमा क्वीन' आणि 'टायपिस्ट गर्ल'.

एक्स्चेंजमधलं काम फलकावर नीट समजावून लिहायचं आहे. आजच्या मुलांना त्याची कल्पनाच नाही. फोन उचलला की पलीकडे माणूस असायचा. तो नंबर विचारायचा आणि हातानं दोरीची पिन भोकात बसवून दोन टोकं जोडून द्यायचा. इंग्रजी स्वच्छ बोलणाऱ्या मुलींना ही नोकरी मिळायची. म्हणजे रुबीचं पोट आधी आवाजावर चालत होतं आणि चेहरा कुणाला दिसत नव्हता. सिनेमात नेमकं उलटं झालं. चेहरा सगळ्या देशानं पाहिला, आवाज कुणाला ऐकू गेला नाही. पुढे १९३१ साली जे घडलं ते कळायला ही गोष्ट आधी कळली पाहिजे, म्हणून ती दुसऱ्याच फलकावर घेतली.

'टायपिस्ट गर्ल' हे नावही मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याआधीच्या चित्रपटांतून देवी, राण्या, सत्त्वशील पौराणिक बायका यायच्या. ही मात्र कचेरीत जाणारी, पगार आणणारी मुलगी. पडद्यावरची मुलगी आणि तिचं काम करणारी मुलगी एकाच तऱ्हेच्या घरांतून आलेल्या.

१९ जुलै

पावसानं दोन दिवस वीज नाही. सभागृहाच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे. त्या भिंतीवर काही लावायचं नाही.

कार्यकारिणीतल्या एका काकांनी आग्रह धरला आहे की रुबी ज्यू, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची, तेव्हा 'कोकणची कन्या' असं शीर्षक द्यावं. त्यामागची माया मला समजते. आपल्याकडे अलिबागला इस्रायल आळी आहे, रेवदंड्याला सिनेगॉग आहे, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा इथल्या प्रत्येकानं ऐकलेली आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गाव शनिवार तेली म्हणत आलं, ते बेने इस्रायली आपलेच. त्यांची मायबोली मराठी, आडनावं गावांवरून पडलेली. पण रुबी त्यांच्यातली नाही. बगदादी ज्यू बगदाद, बसरा, अलेप्पो इकडून व्यापाराच्या निमित्तानं फार उशिरा मुंबईला आले. ते आधी अरबी बोलत, मुंबईत रुळल्यावर इंग्रजी. तिला कोकणची म्हणणं खोटं ठरेल आणि त्यानं तिची खरी अडचणही झाकली जाईल. इथल्या आळीत वाढली असती तर मराठी तिच्या तोंडात असती आणि हिंदुस्थानी फार लांब राहिली नसती.

कोकणाचा धागा या गोष्टीत आहे, पण तो दुसरीकडे आहे. 'आलम आरा' हा देशातला पहिला बोलपट ज्यांच्या नाटकावरून झाला, ते जोसेफ डेव्हिड बेने इस्रायली. पूर्ण नाव जोसेफ डेव्हिड पेणकर, म्हणजे आडनाव आपल्या पेणचं. रुबी पुढे ज्या इम्पीरियल कंपनीची सर्वांत मोठी नटी झाली, त्याच कंपनीनं हा बोलपट काढला. त्यात ती नव्हती. एका ज्यू लेखकाच्या शब्दांनी बोलपट सुरू झाला आणि एक ज्यू नटी शब्दांपाशीच अडली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'हे शीर्षकापेक्षा चांगलं आहे. हे मोठ्या अक्षरात घ्या.' सहावा फलक याचा.

४ ऑगस्ट

तिसरा फलक छोटा ठेवला. रुबीच्या आधीचं चित्र.

१९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना बाई मिळेना. तारामती केली अण्णा साळुंके यांनी. ते उपाहारगृहात काम करत. पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. 'मोहिनी भस्मासूर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, आई पार्वती आणि मुलगी मोहिनी. कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. हे नातं लिहिलंच पाहिजे, कारण आपला वाचक आधी तिथेच थांबतो.

आपल्याकडच्या माणसाला पुरुषानं बाईचं सोंग घ्यायचं नवल नाही. सावंतवाडी-कुडाळकडे दशावतारात आजही पुरुषच नेसतात आणि नेसलेलं लुगडं असं सावरतात की बायका बघत राहतात. म्हणून 'तेव्हा समाज मागासलेला होता' असलं वाक्य मी लिहिणार नाही. रंगभूमीवर ती रीत होती. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ आला आणि ती रीत पडद्यावर टिकेना, एवढंच खरं.

२५ ऑगस्ट

आज सगळ्यात जास्त काम झालं.

१९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये सुलोचनेनं आठ सोंगं घेतली. त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी सद्गृहस्थ, रस्त्यावरचं पोरगं, सोनेरी केसांची युरोपियन बाई, केळी विकणारी म्हातारी आणि पाकीटमार. ही यादी मी हायस्कूलच्या मुलींना वाचून दाखवली आणि वर्गात एकच कल्ला झाला. कुणाला म्हातारी हवी, कुणाला पाकीटमार. माळी कुणालाच नको.

ठरलं ते असं. यात्रेच्या संध्याकाळी सभागृहाबाहेरच्या अंगणात एकाच मुलीनं ही सोंगं एकामागून एक करायची. शब्द एकही नाही. बाजूला पेटी आणि तबला, कारण मूकपट थिएटरात मुका नसायचा. वाजवणारे समोर बसलेले असायचे, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा कुणीतरी असायचा. पाट्या आम्ही तीन भाषांत करणार, मराठी, गुजराती आणि हिंदी, कारण तेव्हा एकाच पाटीवर अशाच दोन-तीन भाषा एकाखाली एक असत. त्यामुळेच एकच चित्रपट कराचीपासून मद्रासपर्यंत चाले. नटी कुठली भाषा बोलते हे कुणी विचारत नसे.

हे मुलींना करायला सांगितलं ते हौस म्हणून नाही. 'सुलोचना फार सुंदर होती' हे वाक्य जिथे-तिथे सापडतं आणि मला त्याचा राग येतो. सुंदर होतीच. पण सौंदर्यावर म्हातारी केळीवाली होत नाही. त्याला अंगात काम लागतं, माणसं निरखून पाहावी लागतात. मुलगी पाकीटमाराच्या बोटांचा सराव करायला लागली की तिला हे कुणी सांगावं लागणार नाही.

कपड्यांची यादी केली. पोलिसाला निळा डगला आणि पिवळी टोपी, तेव्हाच्या मुंबई पोलिसाची. शेरवानीसाठी एका घरातला जुना लांब कोट मिळतो आहे. केळी वाडीतलीच.

१५ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. पण गौरीच्या दिवशी एक चांगली गोष्ट हाती लागली, ती इथे लिहून ठेवते.

आमच्या आळीत एक आजी आहेत. नव्वदीच्या आसपास वय, स्मरण लख्ख. त्या साल सांगत नाहीत, घटना सांगतात. 'रामदास बुडाली त्याच्या आधी', 'रामदास बुडाली त्याच्या नंतर'. या पट्ट्यात त्या पिढीला १७ जुलै १९४७ हीच काळाची खूण आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेतच गेली आणि घराघरांतली माणसं गेली. लग्न होऊन मुंबईला गेल्या त्या रामदासनंतर पाच-सहा वर्षांनी. यजमान गिरणीत. त्यांनी तिथे पाहिलेला पहिला सिनेमा बीना रॉयचा 'अनारकली', म्हणजे १९५३ चा.

मी विचारलं, 'आजी, त्यात सलीमची आई झालेली बाई आठवते?'

'आठवते की. राणी. भरदार होती. फार बोलत नव्हती.'

'तीच आधी अनारकली होती. दोनदा.'

'अगो बाय! ती?' असं म्हणून त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. 'आमची आई सांगायची, तिच्या लहानपणी मुंबैस सुलोचनेचं फार वेड. पण ती सुलोचना नि ही राणी एकच, हे मला कुणी कधी बोललंच नाही.'

आई आणि लेक, दोघींनी एकाच बाईला पाहिलं आणि दोघींना ती वेगळी वाटली. माझ्या प्रदर्शनाचं कारण हेच. आजींनी परवानगी दिली आहे, नाव न घालता हे बोलणं फलकावर घ्यायची.

२९ सप्टेंबर

सहावा फलक, १९३१-३२. मजकूर अनेकदा फाडून लिहिला.

आधी तिची उंची दाखवायची. १९२८-२९ मध्ये आर. एस. चौधरींच्या दिग्दर्शनाखाली 'माधुरी', 'अनारकली', 'इंदिरा बी.ए.' असे तीन मोठे यशस्वी चित्रपट. 'अनारकली'ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लाहोरकडच्या मंडळींनी त्याच कथेवर मोठ्या खर्चाचा चित्रपट काढायला घेतला होता आणि त्यात सीतादेवी अनारकली होती. इम्पीरियलनं घाई करून आपला आधी आणला आणि लोकांनी सुलोचनेलाच अनारकली मानलं. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करताहेत अशी एक छोटी फिल्म दाखवायची होती, तिच्यासोबत 'माधुरी'तला सुलोचनेचा नाच आवाजाची जोड देऊन लावला गेला. गांधीजी आणि सुलोचना एकाच खेळात. तिची लोकप्रियता सांगायला याहून मोठा पुरावा मला नको.

मग १४ मार्च १९३१. मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. इम्पीरियलच्या आर्देशिर इराणींनी तो रात्री-रात्री चित्रित केला होता, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची आणि गाड्या थांबल्याशिवाय माइकला शांतता मिळत नसे. त्याआधी दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सूचना द्यायचा, 'आता वळ, आता रड'. ते सगळं एका रात्रीत बंद झालं. नायिका झुबेदा. कंपनीची पहिल्या क्रमांकाची नटी बाजूला राहिली. हिंदुस्थानी बोलता येत नाही हे कारण.

इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात आणि इथेच थांबतात. 'बोलपट आला आणि सुलोचना संपली.' हे खरं नाही आणि मी ते या सभागृहाच्या भिंतीवर लावू देणार नाही. तिनं वर्षभर काम थांबवलं आणि भाषा शिकली. १९३२ मध्ये 'माधुरी' पुन्हा आला, बोलपट होऊन, नायिका तीच. १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.'. मधल्या काळात इंदिरानं पुढची पदवी घेतली, हे मला फार आवडतं. १९३५ मध्ये 'अनारकली' पुन्हा, या वेळी बोलणारी. १९३६ मध्ये 'बम्बई की बिल्ली', म्हणजे जुनी 'वाइल्डकॅट'च. महिना पाच हजार रुपये पगार, दाराशी १९३५ ची शेव्हरोले. गव्हर्नरपेक्षा जास्त पगार वगैरे जे बोललं जातं ते मी घेतलेलं नाही. त्या काळचे महिना पाच हजार हा आकडाच पुरेसा बोलका आहे.

वयाच्या पंचविशीत, देशातली सर्वांत मोठी नटी असताना, पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसणं. या फलकाचं शीर्षक 'एक वर्षाची शाळा'.

१० ऑक्टोबर

आजची तारीख तिच्या मृत्यूची, १९८३. मुंबईतल्या घरी गेली. फलकावर नोंद घातली. आज दुसरं काही केलं नाही.

२३ ऑक्टोबर

आज सरांशी खूप वाद झाला. चांगला वाद.

त्यांनी सातव्या फलकासाठी तिच्या कारकिर्दीचा आलेख काढून आणला होता. खालून वर जाणारी रेघ, १९२९ ला टोक, मग तशीच सरळ खाली. मी म्हटलं, सर, ही रेघ चुकीची आहे. ते म्हणाले, मग तू काढ. मी काढली ती रेघ अशी: १९३१ ला खाच, मग पुन्हा वर १९३५ पर्यंत, मग हळूहळू उतरती आणि मग जवळजवळ चाळीस वर्षं सपाट, पण तुटलेली नाही. 'सपाट रेघेला कोण बघणार?' असं सर म्हणाले. तीच बघायला लावायची आहे.

उतार का आला, त्याची कारणं आम्ही बसून मांडली. भाषा हे त्यातलं एक आणि बहुधा सगळ्यात लहान, कारण ते तिनं स्वतः दूर केलं.

दुसरं गाणं. पार्श्वगायन रुळायला १९३५ उजाडलं. तोपर्यंत नायिकेनं स्वतःच गायचं, तेही कॅमेऱ्यासमोर. 'आलम आरा'त सात गाणी, पण पुढच्याच वर्षीच्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास! लोक सिनेमाला जात ते ऐकायला. शांता आपटे, कानन देवी यांच्यासारख्या गळ्याच्या नायिका आल्या.

तिसरं, कोणत्या बाईला पडद्यावर मान मिळणार हेच बदललं. मोहन भवनानींनी १९३१ मध्ये आणखी एक मुलगी सिनेमात आणली, दुर्गा खोटे. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या 'प्रभात' कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या. प्रतिष्ठित मराठी घरातली, शिकलेली, मराठी आणि हिंदी दोन्ही सहज बोलणारी बाई. ज्या तारामतीसाठी १९१३ मध्ये बाई मिळत नव्हती, तिथे १९३२ मध्ये दुर्गाबाई उभ्या होत्या. मराठी माणसाची नजर कोल्हापूरकडे वळली ती तेव्हापासून. हे लिहिताना मला दोघींपैकी कुणालाही कमी लेखायचं नाही. पण ज्या वाटेवरून दुर्गाबाई मानानं चालल्या, तिच्यावरचे काटे रुबीसारख्या मुलींनी आधी तुडवले होते, हे फलकावर असलंच पाहिजे.

चौथं कारण कंपनी. मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. तेव्हा नटी कंपनीची असे, महिन्याच्या पगारावर. इम्पीरियल १९३८ ला बंद पडली. त्याच्या आदल्या वर्षी इम्पीरियलनं 'किसान कन्या' हा इथेच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट काढला होता. नायिका पद्मादेवी. पहिला आवाज झुबेदाला, पहिला रंग पद्मादेवीला, आणि ज्या चेहऱ्यावर कंपनी उभी राहिली तो दोन्ही वेळा बाहेर. १९३० च्या दशकाच्या मध्यावर आपली 'रुबी पिक्स' ही संस्थाही तिनं काढून पाहिली. नायक दिनशा बिलिमोरियांबरोबरची जोडी १९३३ ते १९३९ अशी सात वर्षं चालली. ती जोडी मोडली तसा दोघांचाही बहर ओसरला. लोक यातलं प्रेमप्रकरण चघळतात. आम्ही ते घेणार नाही, त्यातून कामाबद्दल काही कळत नाही.

आणि पाचवं कारण वय. यावर सरांचा आवाज उतरला आणि माझा चढला. १९४७ चा 'जुगनू', नायक दिलीपकुमार, नायिका नूरजहाँ. त्यात सुलोचना होती आणि एका उतारवयातल्या प्राध्यापकाचं तिच्यावर मन बसतं असा भाग होता. मोरारजी देसाईंनी त्या चित्रपटावर बंदी आणली, हे असलं दाखवणं नीतीला धरून नाही म्हणून. ती तेव्हा चाळीस वर्षांची होती. चाळिशीच्या बाईवर कुणाचं मन जडावं यात अनीती कुठे आहे? याच देशानं विशीत तिच्या नाचासाठी थिएटरं भरली होती.

सरांनी शेवटी माझी रेघ घेतली. एक अट घातली: सपाट भागावर टिंबं हवीत, प्रत्येक टिंबाला चित्रपटाचं नाव. बरोबरच आहे. १९५३ 'अनारकली', १९६६ 'आम्रपाली', १९६८ 'नील कमल', १९७५ 'ज्यूली'. कधी राणी, कधी म्हातारी, कधी दोन वाक्यांची बाई. कॉल टाइमला हजर, मेकअप, काम, घरी.

१७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात. आठवा फलक रिकाम्या चौकटींचा.

देशात मूकपटाच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यातले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके पूर्ण शिल्लक आहेत. बाकीच्यांचे तुकडे, फोटो, जाहिराती. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी, आणि दमट हवेत चिकट होऊन तिचा लगदा व्हायचा. आपण समुद्राकाठची माणसं, लोखंडी खिळ्याचं काय होतं ते रोज बघतो. शिवाय जुन्या रिळांतून चांदी निघते म्हणून ती विकून टाकली जात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून मिळेल ते वाचवलं, पण तोवर बरंचसं गेलेलं होतं.

सीतादेवी, जिच्या 'अनारकली'शी सुलोचनेची शर्यत झाली, तिचे 'लाइट ऑफ एशिया', 'शिराझ', 'अ थ्रो ऑफ डाइस' आज बघायला मिळतात. ते जर्मनांच्या भागीदारीत झाले, प्रती युरोपात राहिल्या, म्हणून वाचले. तिची कारकीर्द बोलपट येताच आटोपली, पण तिचा चेहरा हलताना दिसतो. सुलोचना पन्नास वर्षं काम करत राहिली, आणि तिच्या बहराच्या काळातली आठ सोंगं, टायपिस्ट मुलगी, पहिली अनारकली यांपैकी काही आपल्यासमोर नाही. म्हणून या फलकावर नावं लिहिलेल्या काळ्या चौकटी आणि खाली ओल, आग, चांदी हे तीन शब्द. मुलींचं सोंगनाट्य याच्या बरोबर समोर व्हायला हवं. अंगणातली जागा तशी आखून घेतली.

८ डिसेंबर

छपाई झाली. सनबोर्डवर घेतली, फ्लेक्स नको म्हटलं, उजेडात चमकतो आणि वाचता येत नाही. मागे लाकडी पट्ट्या लावून घेतल्या म्हणजे दमटपणानं वाकणार नाहीत. मथळे ठळक, मजकूर आजींनाही चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा. टपाल खात्यानं २०१३ मध्ये काढलेलं तिचं तिकीट मोठं करून प्रवेशाशी लावलं आहे.

नवव्या फलकावर १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. १९६९ ला देविकाराणी, नंतर तिघं पुरुष, मग ही. पुरस्कार मिळालेली दुसरी बाई. तो मिळाल्यावरही ती छोट्या भूमिका करतच होती, ही ओळ सरांनी स्वतःहून घातली.

२० डिसेंबर

यात्रा १४ तारखेला दत्तजयंतीला सुरू झाली. दुपारी डोंगरावरून पायऱ्या उतरलेली माणसं पाणी प्यायला आत येत आणि थांबत. सगळ्यात जास्त गर्दी आलेखासमोर झाली. सपाट रेघेवरची टिंबं लोक बोटानं मोजत होते. 'हा मी पाहिलाय', 'ह्यात ती कुठली?', 'अरे ती म्हातारी!' एक मच्छीमार काका दोन वेळा आले. दुसऱ्यांदा बायकोला घेऊन आले आणि 'एक वर्षाची शाळा' तिला मोठ्यानं वाचून दाखवली.

सोंगनाट्याला अंगण पुरलं नाही. नववीतल्या मुलीनं सगळी सोंगं केली. पोलिसाला टाळ्या, पाकीटमाराला शिट्ट्या. केळीवाल्या म्हातारीला मात्र कुणी हसलं नाही. तिनं पाटी डोक्यावरून उतरवताना कमरेवर हात ठेवला आणि पुढे बसलेल्या बायकांनी 'आई गं' केलं. ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. रोज सकाळी बाजारात ती ते बघते.

आजींना रिक्षानं आणलं होतं. आपल्या बोलण्याचा फलक त्यांनी वाचला. मग १९२८ च्या अनारकलीचा फोटो आणि १९५३ च्या राणीचा फोटो शेजारी-शेजारी होते तिथे खुर्ची मागून घेतली आणि म्हणाल्या, 'डोळे तेच आहेत की. मी बघितलंच नव्हतं.'

२९ डिसेंबर

फलक उतरवले. अलिबागच्या एका शाळेनं जानेवारीसाठी मागितले आहेत. वाहतुकीला जुन्या चादरी हव्यात, कोपरे घासले जातात. जोसेफ डेव्हिडांच्या फलकाची जादा प्रत काढायची, ती इस्रायल आळीतल्या मंडळींनी मागून घेतली आहे. पेणच्या वाचनालयातूनही त्यासाठीच फोन आला.

नववीतली मुलगी परवा आली होती. 'मोहिनी भस्मासूर'मधल्या कमलाबाई तेव्हा केवढ्या होत्या, असं विचारत होती. तिला म्हटलं, तुझ्याएवढ्याच. पुढच्या दत्तयात्रेला आई-मुलगी दोघी घ्यायच्या, दुर्गाबाई आणि कमलाबाई. संक्रांतीनंतरच्या बैठकीत मांडते. या वेळी सरांशी वाद होईल असं वाटत नाही. भिंतीची ओल मात्र पावसाआधी काढून घ्यायला हवी.